चौदा माणसं, एक सही

‘ताई, नमस्कार. मी औसा तालुक्यातली, वय २८. दोन वर्षं पुण्यात मालिकेच्या लेखकांच्या हाताखाली काम केलं आणि आता गावी येऊन स्वतःचा पहिला सिनेमा लिहिलाय. कौटुंबिक आहे. अण्णांचं वर्षश्राद्ध झालंय आणि हायवेलगतची आठ एकर विकायची की नाही यावरून घर ढवळून निघालंय. आई, तीन भाऊ, दोन बहिणी, सुना, जावई, नातवंडं, सालगडी अशी चौदा माणसं आहेत. जमिनीशिवाय आणखी आठ धागे आहेत : थोरल्या बहिणीचं हक्कसोड (जमिनीतला वाटा सोडल्याचा कागद), धाकटीची सोडचिठ्ठी, गुरुजी असलेल्या मधल्या भावाचं सावकारी कर्ज, पुण्यातल्या धाकट्याचं परजातीतलं प्रेम, पुतणीची नीटची (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची) तयारी, १९९३च्या भूकंपात संपलेलं आईचं माहेर (हे माझ्या आईचंच आहे), थोरल्या वैनीचा बचत गट आणि सालगड्याच्या पोराची नातवाशी दोस्ती. १६८ पानं झालीत. एक निर्माते म्हणाले, “ही मालिका झाली. निम्मी माणसं काढा.” घरी आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “मग घर काय एकट्या-दुकट्याचं असतंय का? एवढं तर असतंयच की.” मला दोघांचंही पटतं. महिना झाला, एक ओळ लिहिली नाही. काय काढू?’

लेकी,

तुझी १६८ पानं मी दोनदा वाचली. एकदा रात्री एका बैठकीत, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. सगळ्यात आधी सांगते, तुला माणसं लिहिता येतात. थोरली वैनी भाकरी थापता थापता नणंदेचं ऐकून घेते, उत्तर देत नाही आणि तव्यावरची भाकरी उलटायची राहून जाते. करपलेली भाकरी ती गुपचूप स्वतःच्या ताटाखाली सरकवते. हा प्रसंग वाचून मी वही बाजूला ठेवली होती. एवढं ज्या मुलीला दिसतं तिनं महिनाभर हात आखडून बसू नये.

आता तुझा प्रश्न. निर्माते खरं बोलतायत आणि आईही. निर्मात्यांचं बोलणं वेळेबद्दल आहे, आईचं माणसांबद्दल. तू मात्र दोन्हीची एकच मोळी बांधलीस आणि म्हणून अडकलीस.

वेळेचं गणित आधी करू, कारण ते कुणाला चुकत नाही. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. १६८ पानं म्हणजे पावणेतीन तासांचा सिनेमा. मराठी कौटुंबिक सिनेमा दोन तासांच्या आसपास बसवावा लागतो, म्हणजे तुझ्याकडे १२० मिनिटं आहेत. कुठलंही उपकथानक उभं राहायला निदान तीन प्रसंग लागतात : एक ते लागायला, एक अडायला, एक सुटायला. प्रसंगाला दोन मिनिटं धर. नऊ धाग्यांचे सत्तावीस प्रसंग, म्हणजे ५४ मिनिटं. हा अगदी कोरडा हिशेब झाला. यात कुणी थांबत नाही, कुणी गप्प बसत नाही, भाकरी करपत नाही. उरलेल्या वेळात चौदा माणसांची ओळख करून द्यायची. चौदा माणसांत जोड्या किती होतात ठाऊक आहे? ९१. त्यातली कोण कुणाची जाऊ, कोण कुणाचा मेव्हणा, हे प्रेक्षकानं पहिल्या वीस मिनिटांत पाठ करावं अशी तुझी अपेक्षा आहे. मालिकेत हे चालतं. तिथं आज कळलं नाही तर उद्या कळतं, माणूस जेवता जेवता विचारतो, ‘ही कोण गं?’ आणि घरातलं कुणीतरी सांगतं. थेटरात शेजारच्याला विचारता येत नाही. दोन वर्षं तू मालिकेत लिहिलंस, तिथली सवय हाताला लागली असणार. त्यात वाईट वाटून घेऊ नकोस, सवय ओळखता आली की सुटते.

आता आईचं. ती म्हणते एवढं असतंयच, आणि आपल्याकडे ते असतंच. लातूरकडचं कुठलंही घर घे. भावकी एकीकडे, सोयरे दुसरीकडे, त्यात एक नणंद माहेरी आलेली, एक दीर बोलत नाही, एका चुलत्याशी बांधावरून कोर्ट चालू. तुझं घर निम्मी माणसं काढून लिहिलं तर ते पुण्यातल्या फ्लॅटमधलं घर होईल. ते लिहिणारे पुष्कळ आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं : माणसं ठेव, त्यांच्या गोष्टी काढ.

नातं आणि उपकथानक यांत मोठा फरक आहे. नात्याला सुरुवात-शेवट लागत नाही. ते एका नजरेत दिसतं, चहा कुणाला आधी दिला यात दिसतं, कोण कुणाला ‘अहो’ म्हणतं आणि कोण नावच घेत नाही यात दिसतं. उपकथानक मात्र तोंड उघडून वेळ मागतं. एकदा सुरू केलं की प्रेक्षक त्याचं पुढं काय झालं विचारतो आणि तुला उत्तर द्यावं लागतं. वैनीचा बचत गट बघ. तू त्याला चार प्रसंग दिलेस : बँकेचं कर्ज, हिशेबातला घोळ, बायकांची बैठक, मग कौतुक. त्यातून वैनीबद्दल जे कळतं ते करपलेल्या भाकरीनं आधीच सांगितलंय. चारही प्रसंग गेले तरी वैनी जशीच्या तशी उरते. उलट जास्त उरते.

मग कुठली गोष्ट ठेवायची, कुठली काढायची, हे कशावरून ठरवायचं? मला याचं उत्तर पटकथेच्या पुस्तकात मिळालं नाही, सप्ताहात मिळालं.

लहानपणी आजोबांबरोबर मी सप्ताहाच्या कीर्तनाला बसायची. रात्री नऊ ते अकरा, म्हणजे दोन तास, तुझ्या सिनेमाएवढेच. महाराज एक अभंग घ्यायचे. त्यावर दृष्टान्त किती? कधी चार, कधी दहा. प्रल्हाद यायचा, जनाबाईचं जातं यायचं, गावातल्या सासू-सुनेचं भांडण यायचं. कुणाला जास्त वाटायचं नाही, कारण दृष्टान्त संपला की महाराज अभंगाच्या त्याच चरणावर यायचे आणि मागं उभे असलेले टाळकरी तो चरण उचलायचे. एका वर्षी एक महाराज दृष्टान्तातून दृष्टान्तात गेले आणि चरणावर येईनात. गोष्टी रंगतदार होत्या, लोक हसतही होते. मी टाळकऱ्यांकडे बघत होते. त्यांनी टाळ छातीशी धरून ठेवले होते, आता येईल, आता येईल म्हणून. वीस मिनिटांनी एकेकानं हात खाली सोडले. आजोबा म्हणाले, ‘चल, झोप आली असंल तुला.’ मला झोप आली नव्हती, पण आम्ही उठलो.

तुझ्या प्रेक्षकाच्या हातात असेच टाळ असतात. दृष्टान्त मोजायला तो आलेला नसतो. चरणाची वाट बघत उभा असतो.

तुझा चरण कोणता? तू पत्रात लिहिलंस की जमीन विकायची की नाही. पानं वाचून मला तसं वाटलं नाही. तुझ्या सिनेमाचा खरा प्रश्न ९४व्या पानावर आहे, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात. अण्णांच्या मागं वारस म्हणून सातबाऱ्यावर सहा नावं लागलीत : आई, तीन भाऊ, दोन बहिणी. भावांना बहिणींचं हक्कसोड पाहिजे. थोरली तयार होऊन आलीय. कारकून म्हणतो, ‘ताई, इकडं बघा,’ ती पदर सावरून त्या छोट्या कॅमेऱ्याकडे बघते, मग अंगठा यंत्रावर ठेवते आणि यंत्र तो घेत नाही. शेतात, चुलीशी झिजलेला अंगठा. कारकून म्हणतो पुसून परत ठेवा. ती पदराला पुसते, परत ठेवते. भाऊ घड्याळ बघतो.

हा तुझा सिनेमा आहे. बहीण सही देणार की नाही, आणि दिली किंवा नाही दिली तर ती कुणाची कोण उरते. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, त्यातून आधी लग्न झालेल्या वगळल्या. केंद्रानं २००५ साली ती अटही काढली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की हा हक्क जन्मानं मिळतो, कायदा बदलला त्या दिवशी बाप हयात असायला पाहिजे असं काही नाही. कागदावर सगळं झालंय. तरी आपल्याकडे बहीण स्वतःच्या एसटीच्या तिकिटानं येऊन सही देऊन जाते, का, तर ‘माहेर तुटू नये’ म्हणून. एवढा मोठा प्रश्न तुझ्या हातात आहे आणि तू त्याला नीटच्या तयारीशेजारी, नऊतला एक म्हणून बसवलंस. याचा मात्र मला राग आला.

आता सही हा चरण धर आणि प्रत्येक धाग्याला विचार, तू या सहीवर येतोस का?

मधल्या गुरुजींचं कर्ज येतं. सावकार थांबत नाही म्हणून विक्री घाईची आहे, त्यामुळे ते ठेव. फक्त सावकाराचे तीन प्रसंग नकोत, फोन वाजतो आणि गुरुजी अंगणात उठून जातात, एवढं दोनदा पुरे. धाकट्या बहिणीची सोडचिठ्ठी तर नक्कीच येते. थोरलीला सही देणं सोपं आहे, तिला घर आहे. धाकटीला छप्परच हे आहे. दोघी बहिणी एका बाकावर बसल्यात आणि दोघींना एकच कागद वेगळा दिसतोय, यापेक्षा जास्त नाट्य तुला सावकार देणार नाही. कोर्टातले तिचे प्रसंग मात्र काढ. नवरा पडद्यावर यायचीही गरज नाही.

धाकट्या भावाचं पुण्याच्या मुलीवरचं प्रेम मी आधी फुली मारून काढलं होतं. मग वाटलं, ही मुलगी एकटीच घरात परकी आहे. तिला माणसं ओळखीची नाहीत, प्रेक्षकालाही नाहीत. ती ‘ह्या कोण?’ विचारेल तेव्हा प्रेक्षकाचं काम होईल. शिवाय घरातलं कुणी जे विचारत नाही ते ती जेवताना सहज विचारू शकते, ‘मग ताईंचा वाटा किती?’ आणि पंगत गप्प होईल. तेव्हा तिला ठेव, आणि तिच्या प्रेमाची गोष्ट, जातीवरून झालेली दोन भांडणं आणि ते पावसातलं गाणं जाऊ दे. पुतणी राहील, पुस्तक मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेली. नीटचा निकाल लागायचं कारण नाही.

दुसरं एक सुचवते, पटलं तर घे. तुझी गोष्ट पाच महिने चालते : पेरणी, श्राद्ध, दिवाळी. एवढ्या माणसांना पाच महिने सांभाळणं फार अवघड. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) घर माणसांनी भरलेलं आहे, प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे, तरी आपण चुकत नाही. कारण म्हातारा गेलाय, तेरावा तोंडावर आलाय आणि त्याला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न सगळ्यांच्या डोक्यावर आहे. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टरसुद्धा त्याच प्रश्नाचा भाग होतो. माणसं एका छपराखाली, थोड्या दिवसांत कोंडली की धागे आपोआप एकमेकांवर घासतात.

तुझ्याकडे तर येळवस आहे! ती तू कुठंच वापरली नाहीस, याचं मला नवल वाटतं. मार्गशीर्ष अमावस्या. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, सगळं शिवारात. वाटण्या झालेले, बोलणं टाकलेले भाऊही त्या दिवशी शेतातल्या एका कोपीपाशी, म्हणजे खोपटापाशी, येतात. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, तेच पाच पांडव, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. आणि हे सगळं ज्या जमिनीचा सौदा व्हायचाय त्याच जमिनीवर. आठ एकरांत उभी ज्वारी, हरभरा, आणि पाहुणे म्हणून आलेल्या दोन बहिणी, ज्यांची नावं सातबाऱ्यावर आहेत पण दुसऱ्या दिवशी निघायची आहेत. येळवशीचा एक दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ, कार्यालय उघडेपर्यंत. चौदाही माणसं तिथं बसतील, कुणाला बोलवायला कारण शोधावं लागणार नाही. खर्चही कमी, हे निर्मात्यांना सांग.

माझा नियम मीच थोडा मोडते. मीरा नायर यांचा ‘मॉन्सून वेडिंग’ (२००१) तू पाहिला असशील, नसशील तर पाहा. दिल्लीतल्या एका लग्नघरात नवरीचं जुनं प्रकरण, बापाची पैशाची ओढाताण, पुतणीवर लहानपणी झालेला अत्याचार, असं पुष्कळ काही आहे आणि तरी तो दोन तासांत बसतो. त्यात मांडववाला आणि घरात काम करणारी मुलगी यांची एक प्रेमकथा आहे. घराच्या मुख्य दुखण्याशी तिचा काही संबंध नाही. तरी ती जास्त वाटत नाही, कारण तिथं प्रेक्षकाला श्वास घेता येतो आणि ती फार बोलत नाही. असा एक विसावा तुलाही ठेवता येईल, पण एकच. मी तुझ्या जागी असते तर सालगड्याचं पोरगं आणि नातू ठेवले असते. चरणाशी त्यांचा संबंध नाही, तरी येळवशीला ती दोघं शिवारभर पळताना दिसली पाहिजेत. संवाद एकही नको. ही जमीन विकली गेली तर सालगडी कुठं जाईल हे कुणी बोलायचं नाही, बघणाऱ्याला आपोआप दिसेल.

राहिला भूकंप. हे लिहिताना माझा हात जरा थांबतो, कारण ते तुझ्या आईचं आहे.

तू त्याला अकरा पानांचा फ्लॅशबॅक दिलास. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र, माळवदाच्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती, ढिगारे. लिहिलंस चांगलं. पण त्या अकरा पानांनंतर परत सातबाऱ्यावर यायला मला जमलं नाही. किल्लारीकडचं जे झालं ते एवढं मोठं आहे की त्याच्या शेजारी आठ एकरांचा सौदा क्षुल्लक वाटायला लागतो. तरी हा धागा काढू नकोस. हाच तुझ्या चरणाच्या सगळ्यात जवळ आहे, फक्त तुला ते अजून दिसलेलं नाही. सगळं घर ‘माहेर तुटेल’ या भीतीवर चाललंय. आणि त्या घरात एकच बाई अशी आहे जिचं माहेर एका पहाटेत गेलं. भाऊ नाही, भावजय नाही, सही मागायला कुणी नाही, द्यायला कुणी नाही. माहेर तुटणं म्हणजे काय, ते तिच्याइतकं कुणाला माहीत आहे?

तुझ्या १३१व्या पानावर पितळेचा तांब्या आहे. ढिगाऱ्यातून निघालेला, पोचा पडलेला. आई तो रोज घासते आणि त्यातून दुसऱ्या कुणाला पाणी पिऊ देत नाही. तू तो एकदा दाखवून विसरलीस. अकरा पानं काढ आणि तांब्या ठेव. येळवशीला ती तो शिवारात घेऊन येईल. सकाळी लेकी कार्यालयात निघतील तेव्हा ती त्यातलं पाणी त्यांच्या हातावर घालेल, पहिल्यांदाच. मग काहीतरी बोलेल. सही दे म्हणेल की देऊ नको म्हणेल, मला माहीत नाही, आणि मी सांगूही नये.

पुढच्या महिन्यात एवढंच लिही, कोपीपाशी पंगत, कार्यालयातला अंगठा आणि हा तांब्या. तीन प्रसंग, पंधरा पानं. बाकीचं नंतर. लिहून झालं की आईला वाचून दाखव आणि तांब्यापाशी थांब. ती बोलली तर तिच्याच शब्दांत उतरवून घे. नाही बोलली तर विचारू नकोस, बस तिच्याजवळ.

तुझी ताई